कूलर बंद ठेवलेल्या दुपारी

५ एप्रिल, शनिवार

मीना सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेली. अंकिताला डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत अंथरुणातून उठू नको म्हणून सांगितलंय. पण ते जूनअखेरीस आहे. मी म्हटलं, "जावई आहेत, कामाला बाई आहे. लेकीकडं आत्तापासून जाऊन तू काय करणार?"

ती बॅगेची चेन लावत होती. म्हणाली, "तिच्याशी बोलत बसेन."

बोलत बसायला कुणी एवढं लवकर जातं का? पण मी वाद घातला नाही. मी कधीच वाद घालत नाही. माझ्या स्वभावातली ही चांगली गोष्ट आहे असं मला वाटतं.

फलाटावर तिनं सूचना दिल्या. "कूलरमध्ये पाणी बघत जावा. पिल्लांना वेळेवर खायला घाला. आणि त्यांच्याशी बोलत जावा जरा. माणसाच्या आवाजाची सवय लागायला पाहिजे, नाहीतर पुढं कुणाच्या घरात रुळत न्हाईत."

पिल्लं म्हणजे मांजरीची. आई नसलेली पिल्लं घरी आणायची, मोठी करायची आणि चांगल्या घरी देऊन टाकायची, हा उद्योग मीनानं गेल्या वर्षी सुरू केला. संघप्रिया म्हणून एक मुलगी आहे, बँकेत अधिकारी. ती सगळ्या सोलापुरातून अशी पिल्लं गोळा करते आणि घरोघर सांभाळायला देते. आत्ता आमच्याकडं चार आहेत. यांची आई विजापूर रोडला गाडीखाली गेली. मला वाटलं होतं, पुण्याला जायचंय म्हटल्यावर मीना ती परत करेल. केली नाहीत.

घरी आलो तर चौघंही कोचाखालून माझ्याकडं बघत होती. मीही बघितलं. कुणीच काही बोललं नाही.

८ एप्रिल, मंगळवार

वीज कंपनीतून निवृत्त झालो त्या दिवशी मिळालेली ही डायरी इतके दिवस कपाटात कोरी पडली होती. घरात कुणी नाही म्हणून लिहितोय. वायरमनपासून सुरुवात करून ज्युनिअर इंजिनिअर होईपर्यंत नोकरी केली, पण रिपोर्ट सोडून काही लिहिलं नाही. त्यामुळं हेही रिपोर्टसारखंच होणार.

मीनानं पिल्लांना नावं ठेवलीत. काळी ती काजळी. ठिपक्यांची बुंदी. भाजलेल्या शेंगेच्या रंगाची शेंगा. आणि एक बोका आहे, राखाडीत हिरवट झाक असलेला, तो हुरडा. मांजराला हुरडा म्हणणारी बाई मंगळवेढ्याचीच असणार. माहेरची काळी जमीन आणि ज्वारी हिच्या डोक्यातून जात नाही.

मांजरांशी काय बोलायचं? काल पेपर वाचून दाखवला. पाणीपुरवठ्याची बातमी होती, आता चार दिवसांआड येणार म्हणून. हुरडा पुढं आला आणि पेपरवर बसला. पुढची बातमी त्याच्या पोटाखाली गेली.

दुपारी कूलर लावून पडलो. बाहेर ऊन असं की रस्ता दिसेनासा होतो, नुसता पांढरा उजेड हलत राहतो. ओल्या वाळ्याचा वास, कूलरचा आवाज. डोळे मिटतायत तोवर छातीवर काहीतरी चढलं आणि घुरघुरायला लागलं. गावाबाहेरच्या डीपीजवळ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, उभं राहिल्यावर तारांतून जसा घुंऽऽ आवाज येतो, अगदी तसा. तो ऐकत कधी झोप लागली कळलं नाही. मी आयुष्यभर त्या आवाजापाशी राहिलोय. बरं वाटलं.

१० एप्रिल, गुरुवार

काजळी काल संध्याकाळपासून जेवली नव्हती. पाण्याच्या वाटीवर मान घालून बसायची, पण प्यायची नाही. नुसतं पाण्यात बघत राहायची. मला वाटलं ऊन लागलं असेल. आज सकाळी उठलो तर ती वाटीपाशीच आडवी होती. गेलेली.

संघप्रियाला फोन केला. ती एकदम म्हणाली, "काका, बाकीच्यांना एका खोक्यात घाला. हात साबणानं धुवा. मी डॉक्टरांकडं चाललेच, तुम्ही पण त्यांना घेऊन या."

डॉ. शिवपुत्र यांचा दवाखाना होटगी रोडला आहे. तरुण आहेत, हळू बोलतात. कापसाच्या काडीवर हुरड्याचा नमुना घेऊन त्यांनी एका पट्टीवर टाकला. त्यावर दोन रेघा उमटल्या. मला वाटलं दोन म्हणजे चांगलं.

"पॅनल्यूकोपेनिया," ते म्हणाले. "कुत्र्यांच्या पिल्लांना पार्वो होतो ना, तसा मांजरांचा समजा. रक्तातल्या पांढऱ्या पेशीच संपवतो हा व्हायरस. आतडी सोलून काढतो."

"औषध?"

"व्हायरसवर औषध नाही काका. उलटी थांबवायची, पाणी कमी होऊ द्यायचं नाही, अंग गरम ठेवायचं. त्यांचं शरीर लढायला लागेपर्यंत आपण त्यांना टिकवायचं, एवढंच आपल्या हातात. माणसांना होत नाही, घाबरू नका."

"लस?"

"पुढच्या आठवड्यात द्यायची ठरली होती." त्यांनी पट्टी कचऱ्यात टाकली. "हा चपलेवरनंसुद्धा घरात येतो. कुणाची चूक नाही यात."

मी चपलेकडं बघितलं. रोज सकाळी फिरायला जातो तीच.

दवाखान्याबाहेर मी संघप्रियाला स्पष्ट सांगितलं, "हे माझ्यानं होणार नाही. तू घेऊन जा यांना."

ती म्हणाली, "माझ्या घरी सहा मांजरं आहेत काका, सगळ्यांना लागेल. आणि काकू जाताना म्हणाल्या होत्या..."

"काय म्हणाल्या होत्या?"

"काही नाही. राहू द्या त्यांच्याकडं, म्हणाल्या."

माझ्या घरात जागा भरपूर आहे, हे मीनाला माहीत आहे. म्हणूनच म्हणाली असेल.

काजळीला शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये कडुलिंबाखाली खोल खड्डा करून पुरली, वर चुना टाकला. लिंबाला मोहर आलाय. परत येताना खांद्यावर, डोक्यावर बारीक फुलं पडलेली होती.

संध्याकाळी मीनाचा फोन आला. "पिल्लं कशी हायत?"

"मजेत," मी म्हटलं. ती तिथं लेकीच्या काळजीत. तिला कशाला सांगायचं?

"चौघं पण?"

"चौघं पण."

मग म्हणाली, "तुमी जेवलात का?"

११ एप्रिल, शुक्रवार

बाहेर इतकं तापलंय की नळाला हात लावला तर भाजतो. आणि हुरड्याचे कान गार. डॉक्टर म्हणाले कूलर पूर्ण बंद करा, अंगाला अंग लावून ठेवा. म्हणून आतल्या खोलीत पडदे ओढून, बनियनच्या आत हुरड्याला घेऊन बसलोय. बुंदी आणि शेंगा पांघरुणात. सोलापुरी चादरीत कुणी एप्रिलमध्ये गुंडाळून घेतं का? ही दोघं घेतायत.

हुरड्याला पिवळा फेस येतो. बुंदीला जुलाब, त्याचा वास वेगळाच, गंजलेल्या लोखंडासारखा गोडसर. शेंगा नुसती सुस्त आहे, तिचं बरं म्हणायचं. दवाखान्यात सकाळ-संध्याकाळ नेऊन कातडीखाली सलाईन द्यावं लागतं. सुई टोचली की मानेमागं पाण्याचा फुगा येतो आणि तो हळूहळू आत जिरतो. उंटासारखं दिसतं पिल्लू.

हुरडा अजून घुरघुरतो. मी डॉक्टरांना मोठ्या आनंदानं सांगितलं, "घुरघुरतोय, म्हणजे बरं वाटतंय त्याला."

ते म्हणाले, "तसं नाही काका. मांजर दुखत असलं तरी घुरघुरतं. स्वतःलाच समजावत असतं."

हे मला ठाऊक नव्हतं. घरी येताना तेच डोक्यात होतं. मीना पण काम करताना सारखी गुणगुणत असते, भाकऱ्या थापताना, कपडे वाळत घालताना. तिला पहिल्यापासून गाण्याची आवड आहे.

१२ एप्रिल, शनिवार

आज एक गंमत झाली.

पाच वाजता मीनाचा फोन आला. नेहमीचं बोलणं, पिल्लं मजेत, अंकिता बरी, जेवलो. "ठेवतो," म्हटलं आणि फोन उशीशी टाकला. हुरडा बनियनमध्ये होता. डोळे अर्धे उघडे, पण बघत कुठंच नव्हता. मला वाटलं, हा झोपला तर उठणार नाही. याला जागं ठेवलं पाहिजे. मीनानं सांगितलंय की आवाज ऐकवायचा. पेपर संपला होता. मग जे सुचेल ते बोलत गेलो.

त्याला खांबावरचा किस्सा सांगितला. मंगळवेढ्याकडच्या लाईनीवर मी वायरमन होतो तेव्हाचा. वादळानं तार तुटलेली. सप्लाय बंद आहे याची खात्री करून मी वर चढलो. पण एका वस्तीवर कुणीतरी जनरेटर लावला होता, त्याचा करंट उलटा लाईनीत आला. एकच झटका. हात सुटले. पट्ट्याला लोंबकळत राहिलो, डोकं खाली, पाय वर. मी हुरड्याला म्हटलं, "तुला सांगतो, भीती वाटली नाही रे. खाली सगळी ज्वारी, हुरड्यात आलेली, तुझ्या रंगाची. वारं सुटलेलं. अख्खं शिवार पाण्यासारखं हलत होतं आणि आभाळ पायाखाली. मला वाटलं मी मेलो आणि हे असंच असतं. मग एकदम मीना दिसली. उंबऱ्यावर बसून अंकिताला पाजत होती. तेव्हा अंकिता एवढीशी, तुझ्याहून जरा मोठी. म्हटलं, हिला आता कोण सांगणार? म्हणून खाली उतरलो."

कुणाला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय त्यात? घरी गेलो, जेवलो, झोपलो.

बोलता बोलता हुरड्यानं माझ्याकडं बघितलं. खरंच बघितलं. बोटानं साखरेचं पाणी ओठाला लावलं तर चाटलं.

गंमत पुढंच आहे. फोन उचलला तर कॉल अजून चालूच! मी बंद करायचा विसरलो होतो. पण तिनं तिकडून का ठेवला नाही? मी "हॅलो, हॅलो" केलं तर लगेच कट झाला. बहुतेक फोन तसाच टाकून आत गेली असेल. तिचं नेहमीच असं असतं.

१३ एप्रिल, रविवार

बुंदी अगदी ढासळली. मान धरत नाही. डॉक्टरांनी तिला तपासून बराच वेळ स्टेथोस्कोप कानातच ठेवला. मग म्हणाले, "प्रयत्न करत राहू." हे वाक्य डॉक्टर लोक कधी वापरतात ते मला कळतं. मी ठरवलं की आता हुरड्यावर लक्ष द्यायचं, तो वाचेल. बुंदीचं कठीण आहे. असं ठरवणं बरं नाही, पण ठरवलं.

मीनाचा फोन. पिल्लांचं काही विचारलं नाही. एकदम म्हणाली, "तुमी कधी खांबावरनं पडला व्हता का वो?"

मी चमकलो. "तुला कुणी सांगितलं?"

"आठवलं असंच. अंकिता लहान असताना एकदा रात्री जेवताना तुमचा हात थरथरत व्हता. घास खाली पडायला लागलेला."

"असेल."

"मला वाटलं, पिऊन आलाय. चार दिवस बोलले नव्हते मी तुमच्याशी."

मला ते चार दिवस आठवत नाहीत. तसं सांगितलं. ती हसली की रडली, फोनवर कळलं नाही. अंकितानं हाक मारली म्हणून ठेवला.

तिला कुणी सांगितलं असेल? रुद्रप्पानं असणार. माझ्याबरोबर तोच होता त्या दिवशी, खाली दोर धरून. पण त्याचा-तिचा फोन कधी होतो?

१४ एप्रिल, सोमवार

दवाखाना आज सुट्टीमुळं अर्धाच दिवस. सकाळी संघप्रिया आली, पांढरी साडी नेसून, केसात मोगरा. आंबेडकर जयंती. तिचे आईवडील खाली रिक्षात थांबलेले, पुतळ्याला हार घालायला जायचं होतं.

"काका, संध्याकाळचं सलाईन तुम्हालाच द्यावं लागेल. शिकवते. बघा."

"मला जमणार नाही."

"हाय टेन्शन लाईनवर चढलेला माणूस तुम्ही."

हे हिला कसं माहीत? सगळ्या सोलापूरला झालंय वाटतं.

तिनं पदर खोचला, खाली बसली. मानेमागची कातडी चिमटीत धरून तंबूसारखी वर उचलायची. तंबूच्या दारातून सुई आत. "हाताला हलकं लागलं की आत गेली म्हणून समजा." बुंदीला तिनं दिलं, शेंगाला मी. माझी सुई पहिल्यांदा तिरकी गेली, पण शेंगा काही बोलली नाही. माझ्यावर विश्वास ठेवण्याचं तिला काय कारण होतं कोण जाणे.

जाताना म्हणालो, "आईवडलांना वर बोलवायचं होतंस. चहा घेतला असता."

ती थबकली. "पुढच्या वेळी नक्की," म्हणाली. "काकू ऐकतील तर खूश होतील."

चहाचं ऐकून खूश होण्यासारखं काय आहे? बायकांचं मला कळत नाही.

लांबून मिरवणुकीच्या ढोलांचा आवाज येत होता. संध्याकाळी तिघांना मी एकट्यानं सलाईन दिलं.

१५ एप्रिल, मंगळवार

दुपारी हुरडा गेला.

बनियनमध्येच होता. खोलीत अंधार, पडद्याच्या फटीतून एक पांढरी रेघ. घामानं मी निथळत होतो आणि तो गार. घुंऽऽ चालू होतं त्याचं, अगदी बारीक. मला डुलकी लागली. स्वप्नात मी लाईनीखालून चालत होतो. रान सपाट, ज्वारी कापून नेलेली, नुसती धसकटं. तारांचा आवाज माझ्याबरोबर चालत होता. एका तारेवरून हुरडा चालत होता, शेपूट ताठ, अगदी आरामात. मी खालून ओरडलो, उतर, सप्लाय चालू आहे. तो थांबला आणि माझ्याकडं बघितलं, त्या दिवशी बघितलं तसंच. मग पुढं गेला. मी खांब मोजत त्याच्या मागं मागं. ऊन नव्हतं, सावली नव्हती, नुसता उजेड होता. आणि चालता चालता तारांचा आवाज बंद झाला. स्वप्नात मी म्हटलं, लाईट गेली.

जागा झालो. तो माझ्या पोटाशी होता. तसाच, चेहरा काखेत घालून.

मी बराच वेळ हललो नाही. कुठं जायचं होतं?

१६ एप्रिल, बुधवार

काही लिहिण्यासारखं नाही. लिंबाखाली आता दोघं आहेत.

१७ एप्रिल, गुरुवार

सकाळी बुंदीला सुई द्यायला पांघरूण उचललं. मनाची तयारी करूनच उचललं होतं. ती उठून बसली. तोल गेला, पडली, परत बसली. मी वाटीत उकडलेल्या कोंबडीचं पाणी ठेवलं. ती वाटीवर मान घालून बसली. काजळी बसायची तशी. मी मनात म्हटलं, झालं.

तिनं जीभ बाहेर काढली आणि प्यायली. सगळं प्यायली. वाटी ढकलत भिंतीपर्यंत नेली.

मी डॉक्टरांना फोन लावला, पण आवाज फुटेना. ते "काका? काका?" करत राहिले. शेवटी म्हणाले, "खाल्लं का तिनं?" मी "हूं" एवढंच म्हणू शकलो. ते म्हणाले, "मग आता ती जगेल. थोडं थोडं द्या. आणि तुम्ही पण खा."

ज्याच्याकडं लक्ष दिलं तो गेला आणि जिला सोडून दिलं होतं ती जगली. याचा अर्थ काय लावायचा मला कळत नाही. डॉक्टर म्हणतात अर्थ नसतो, व्हायरस असतो.

दुपारी मीच मीनाला फोन केला. म्हटलं, एक सांगायचंय. काजळी गेली. हुरडा पण गेला. मी इतके दिवस खोटं बोलत होतो.

मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "हुरडा तुमच्याजवळ व्हता न्हवं?"

"हो. बनियनमध्ये."

"मग बरं." तिचा आवाज ओला झाला होता. "एकटा नव्हता. बरं."

मी तिला स्वप्न सांगितलं. मीनाला मी कधी स्वप्न सांगितलं नव्हतं. ती ऐकत राहिली. मधे एकदा विचारलं, "तारेवर चालताना पाय नीट टाकत व्हता का?" मी म्हटलं, "एकदम नीट. वायरमनला लाजवेल असा." मग तिच्याच्यानं राहवलं नाही. माझ्याच्यानंही नाही. दोघंही फोनला कान लावून तसेच रडत बसलो. मागून अंकिता विचारत होती, "आई, काय झालं? बाबांना काय झालं?" आणि मीना तिला सांगत होती, "काय न्हाई गं. बाबा बोलायल्यात."

२५ एप्रिल, शुक्रवार

शेंगा आणि बुंदी दोघी पडद्यावर चढतात. पडदा गेला. बुंदीच्या मागच्या पायात अजून ताकद कमी आहे, उडी मारली की अंदाजापेक्षा अलीकडं पडते, आणि जणू इथंच पडायचं होतं असा चेहरा करते.

डॉक्टर म्हणाले, हा व्हायरस घरात वर्षभर टिकतो. फरशी, भिंती, कोच सगळं ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसून काढतोय. चादरी जाळल्या. वर्षभर आपल्या घरात लहान पिल्लं आणायची नाहीत. संघप्रिया म्हणाली, "काका, आता सुटलात तुम्ही."

मी म्हटलं, "मोठी मांजरं चालतील का? लस झालेली?"

ती हसायला लागली. मी आपलं माहितीसाठी विचारलं होतं.

कूलर पुन्हा लावला. दुपारी गार वाऱ्यात पडलो, पण झोप लागेना. आवाज चुकीचा वाटतो.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. संघप्रियाच्या घरून खीर आली, तिचे आईवडील घेऊन आले होते. वर आले, चहा झाला. वडील रेल्वेत होते. आम्ही सिग्नल आणि सप्लाय यांवर खूप वेळ बोललो. त्यांची बायको संघप्रियाला म्हणाली, "हे तर म्हणे कुणाशी बोलत नाहीत?" संघप्रियानं तिला कोपरखळी मारली. कुणाबद्दल चाललं होतं विचारायचं राहून गेलं.

मीनाचा फोन रोज येतो. हल्ली लांबतो. काल तिनं मला पुण्यातल्या शेजारणीची अख्खी गोष्ट सांगितली आणि मी ती ऐकली. शेजारीण चुकीची आहे असं माझं मत पडलं. मीनाचं उलट. आम्ही त्यावर वाद घातला. मी वाद घालत नाही असं वर कुठंतरी लिहिलंय, ते तितकंसं खरं नसावं.

१ जून, रविवार

शेंगा आणि बुंदी गेल्या. म्हणजे आपल्या घरी गेल्या. लिहिताना जपून लिहिलं पाहिजे.

बार्शीचं एक जोडपं आहे, दोघं हायस्कूलला शिकवतात. घरात दुसरं मांजर नाही. डॉक्टरांनी आता हरकत नाही म्हणून सांगितलं, लशी झाल्यात. संघप्रिया त्यांना घेऊन आली. बाईंनी चप्पल दाराबाहेरच काढली, न सांगता हात धुतले. मला तेवढं पुरलं. बुंदी कोचाखाली गेली नाही. सरळ त्या बाईंच्या मांडीवर चढली. माणसाच्या आवाजाला चांगली सरावलीय.

संघप्रियानं हळूच विचारलं, "काका, खरंच देताय ना? ठेवायच्या असतील तर सांगा. कुणी काही म्हणणार नाही."

मी विचार केला होता. बरेच दिवस केला होता. पण मीना म्हणते, आपण मधलं घर. मधल्या घरानं धरून ठेवलं तर पुढच्यांना जागा कुठून मिळणार? वर्षानं पुन्हा पिल्लं येतील. मी म्हटलं, "देतोय." आणि त्या सरांना सांगितलं, "बुंदीची उडी थोडी कमी पडते. पडली तर हसू नका, तिला आवडत नाही."

"नाही हसणार," सर म्हणाले. अगदी गंभीरपणे म्हणाले.

"आणि बोलत जा त्यांच्याशी. काहीही बोललं तरी चालतं. लाईटबिल वाचून दाखवलं तरी ऐकतात."

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी गेटवर उभा होतो. मग आत आलो. गुलमोहराच्या पाकळ्या कुठून तरी वाऱ्यानं घरात आल्या होत्या, पुसलेल्या फरशीवर लाल ठिपके. दुपारची वेळ. सगळं घर त्या पांढऱ्या उजेडात तरंगत होतं. मी या खोलीतून त्या खोलीत गेलो. स्वयंपाकघरात गेलो. काही काम नव्हतं.

मीनाला फोन लावला. रोजची वेळ नव्हती ही, म्हणून ती घाबरली. "काय झालं वो? पिल्लं नीट गेली न्हवं?"

"नीट गेली."

"मग? तुमाला बरं न्हाई का?"

"बरा आहे."

"मग फोन कशाला केलाय?"

मी विचार करून बघितला. सांगण्यासारखी काही बातमी नव्हती. म्हटलं, "काही नाही. असंच. बोलावंसं वाटलं."

तिकडं कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "थांबा हं. ठेवू नका. गॅस बंद करून येते."

एवढ्यासाठी गॅस कशाला बंद करायचा, मला कळलं नाही. पण मी थांबलो. पावलं लांब गेली, परत आली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"हां," ती म्हणाली. "बोला."